बंदराची पाठ

मुंबई हे नैसर्गिक बंदर आहे, हे वाक्य मी मावळातल्या एका माध्यमिक शाळेत गेली बावीस वर्षे शिकवीत आलो आहे. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि एक गुण मिळवतात. वाक्य खोटे नाही. मुंबई बेटाच्या पूर्वेला खोल आणि संथ पाणी आहे, पावसाळ्याच्या तुफानात तिथे गलबतांना आसरा मिळतो. परंतु निसर्गाने दिला तो आसरा. बंदर निसर्गाने दिले नाही. आसऱ्याचे बंदर व्हायचे तर माल यावा लागतो, मालाला वाट लागते आणि वाटेवर ओझे वाहणारी पाठ लागते. ‘नैसर्गिक’ या एका विशेषणाखाली ही पाठ झाकली जाते. ती कोणाची होती आणि बंदर बदलले की तिचे काय झाले, हे मांडण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

मावळातल्या मास्तराने बंदरांविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. इथे भात पिकतो, पाऊस कोसळतो, समुद्र दिसत नाही. पण भूगोलात बंदराच्या मागच्या मुलखाला पृष्ठप्रदेश म्हणतात आणि पृष्ठ म्हणजे पाठच. आपली कोकणपट्टी अरुंद आहे, तिच्या मागे सह्याद्रीची भिंत उभी आहे. त्यामुळे या किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदराचे नशीब जितके समुद्रात ठरते तितकेच घाटात ठरते. बोरघाटाचा माथा खंडाळा-लोणावळ्याला आहे. दोन हजार वर्षांत खाली कोकणात बंदरे बदलत गेली. वर घाट तोच राहिला. म्हणून बंदरांचा इतिहास पाहायला मावळ ही जागा वाईट नाही.

अविकसित देशांतली बंदरे कशी वाढतात याविषयी भूगोलज्ञांनी एक मांडणी केलेली आहे. १९६३ साली टाफ, मॉरिल आणि गोल्ड या तिघांनी घाना आणि नायजेरियाचा अभ्यास करून ती मांडली आणि पुढे जगभरच्या विद्यापीठांतून ती शिकवली गेली. आरंभी किनाऱ्यावर लहान लहान बंदरे विखुरलेली असतात. प्रत्येकाच्या मागे थोडासा मुलूख, एकमेकांशी फारसा संबंध नाही. मग एखाद्या बंदरातून आत, देशाच्या पोटात एक मोठी वाट घुसते. वाट घुसण्याची कारणे ते तीन सांगतात: आतल्या मुलखावर राजकीय-लष्करी ताबा मिळवणे, खनिजे काढणे, शेतमाल बाहेर नेणे. ज्या बंदराला ही वाट मिळते ते फुगते, शेजारची बंदरे सुकतात. पुढे या वाटेला फाटे फुटतात, आतली गावे एकमेकांना जोडली जातात आणि शेवटी एकदोन वाटा इतरांहून फार मोठ्या होऊन राजरस्ते बनतात.

ही मांडणी उपयोगी आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांनी ती शिकली पाहिजे. पण तिच्यात दोन उणिवा आहेत. एक, तिचा पहिला नकाशा जवळजवळ कोरा आहे; जणू गोरा माणूस येण्यापूर्वी किनाऱ्यावर मोठी वाट अशी नव्हतीच. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. तिच्या नकाशात वाट म्हणजे एक रेघ असते. बारीक रेघ जाड होते, एवढेच दिसते. रेघ कोणी खणली, रेघेवरून कोण चालले, आणि रेघ जाड झाल्यावर कोण रेघेबाहेर फेकले गेले, याला नकाशात चिन्ह नाही.

पहिल्या उणिवेचे उत्तर कार्ल्याला आहे. भाजे, बेडसे आणि कार्ले ही तिन्ही लेणी घाटमाथ्याकडून आत येणाऱ्या वाटेला धरून कोरलेली आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबींनी हा घाटवाटांचा आणि लेण्यांचा संबंध पायी हिंडून उलगडला. कार्ल्याच्या चैत्यातले लेख म्हणजे एका परीने बंदरांच्या पृष्ठप्रदेशाची नोंदवहीच आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल तिथे आहे. धेनुकाकटाचे यवन आहेत. सोपाऱ्याहून आलेला एक भाणक, म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत म्हणणारा भिक्षू, आहे. धेनुकाकटाचा एक गंधी आहे आणि सामी नावाचा एक सुतारही आहे. दाराचे काम केले म्हणून या सुताराचे नाव दगडात राहिले, ही मला त्या लेण्यातली सर्वांत मोलाची ओळ वाटते. पुढच्या दीड हजार वर्षांत या घाटात काम करणाऱ्या सुताराचे नाव कोणी दगडावर कोरल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

त्या काळची बंदरे कोणती? सोपारा, कल्याण आणि चौल. सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही तिथे मिळाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात ही तिन्ही बंदरे येतात. त्यात कल्याणविषयी मोठी बोलकी नोंद आहे. थोरल्या सारगनाच्या अमदानीत ते कायदेशीर बाजारपेठ होते. पुढे सत्ता बदलली तेव्हा तिथला व्यापार अडवण्यात आला आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. म्हणजे कल्याणचे बंदर त्या वेळी गाळाने बसले नाही, हुकुमाने बसले. सातवाहन आणि क्षहरात यांचा झगडा भूमीचा होता तसा जकातीचाही होता. कार्ल्यात याची दुसरी बाजू दिसते. नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव इथल्या भिक्षुसंघाला दान दिले. पुढे घाट सातवाहनांच्या हाती आल्यावर तेच गाव त्यांनी पुन्हा दान दिले. राजे दोन, दाने दोन, गाव एक. त्या गावात राबणाऱ्यांना कोणी विचारले होते काय, हे लेखात नाही.

मधली पंधरा-सोळा शतके मी भरभर ओलांडतो. सोपाऱ्याची खाडी भरत गेली. चौल निजामशाहीत आणि पोर्तुगीजांच्या हाताखाली नांदले आणि मग मागे पडले. लोहगड, विसापूर, राजमाची हे किल्ले घाटवाटांवर नजर ठेवून उभे राहिले. या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र फारशी बदलली नाही: घाटात माल चढत-उतरत होता तो बैलाच्या आणि माणसाच्या पाठीवर. मीठ वर जायचे, धान्य खाली यायचे. हे काम मोठ्या प्रमाणावर लमाणांच्या तांड्यांचे. शेकडो बैलांचे तांडे हेच त्या काळचे मालगाडीचे डबे. सरकारी सामान मात्र वेठीने जायचे. गावच्या महाराने ते पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचे, तिथून पुढच्या गावच्या महाराने. त्याची मजुरी नव्हती; वतनाच्या भाकरीतच ती धरलेली होती. भूगोलाच्या पुस्तकात वाहतुकीची साधने म्हणून बैल, घोडा, गाडी अशी यादी असते. वेठीचा महार त्या यादीत नाही. पण ओझे तर त्याने वाहिलेच.

त्या तिघा भूगोलज्ञांचे पहिले कारण, लष्करी ताबा, इथे अक्षरशः दिसते. मुंबईकर इंग्रजांनी बोरघाट चढून पुण्यावर जाण्याचा पहिला मोठा प्रयत्न १७७८-७९ च्या हिवाळ्यात केला. मावळातच, वडगावला, त्यांना जानेवारी १७७९ मध्ये शरण येऊन तह करावा लागला. मुंबई तेव्हा बंदर होती, पण पाठ नसलेले बंदर. पुढे १८०४ मध्ये वेलस्लीने तोफा नेण्याजोगा रस्ता करून घेतला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत गाडीरस्ता खुला झाला. याच रस्त्यावरचा तो पूल पुढे अमृतांजनचा पूल म्हणून सगळ्यांच्या ओळखीचा झाला आणि एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. गाडीरस्ता झाल्यावर मुंबईचा माल घाट उतरून पनवेलच्या बंदराला जाई आणि तिथून होड्यांनी मुंबईला. पनवेल तेव्हा भरभराटीला आले. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आणि मग लोखंडी रस्ता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, हे सर्वांना पाठ असते. पण खरे काम घाटात होते. १८५८ पर्यंत खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली होती, खाली खोपोलीपर्यंतही झाली होती. मधला घाट तेवढा उरला होता. उतारू या मधल्या टप्प्यात पालखीने किंवा तट्टावरून चढत. पालखी म्हटली की ती उचलणारे आलेच. घाटाचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले आणि एप्रिल १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. लांबी जवळजवळ सोळा मैल, चढ १,८३१ फूट, २५ बोगदे, कुठे कुठे सदतीस फुटांना एक फूट असा चढ. इंजिनिअर बर्कली, पहिला कंत्राटदार फॅव्हिएल, दुसरा ट्रेडवेल. हा ट्रेडवेल येऊन थोड्याच दिवसांत मेला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे नेले. एका बाईने हे केले याचे कौतुक रेल्वेच्या इतिहासात आवर्जून येते, आणि यायला हरकत नाही. परंतु जानेवारी १८६१ मध्ये या घाटात एका वेळी ४२,००० हून अधिक माणसे कामाला होती. त्यांत पुष्कळ बाया होत्या, पोरे होती. डोक्यावर पाट्या घेऊन माती वाहणाऱ्या त्या हजारो बायांपैकी एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

ही माणसे कोण होती? दगड-मातीच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या घडलेले वडार होते, दुष्काळी गावांतून आलेले शेतमजूर होते, गावकीच्या कामातून सुटू पाहणारे महार-मांग होते. कातळात सुरुंग लावायचे, कड्यावरून दोराने लोंबकळत भोके पाडायची, असे काम. झोपड्यांच्या वस्त्यांतून पटकी फिरली की माणसे पटापट मरत. १८५९-६० चा हंगाम या दृष्टीने फार वाईट गेला. इंजिनिअरच्या खाली कंत्राटदार, त्याच्या खाली पोटकंत्राटदार, त्याच्या खाली मुकादम, अशी उतरंड होती, आणि मजुरी या उतरंडीतून झिरपत खाली यायची. कधी यायचीच नाही. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजूर उठले आणि गोऱ्या देखरेखवाल्यांशी त्यांची मारामारी झाली. एक गोरा ठार झाला. त्यानंतर चौकशी झाली आणि १८६० चा मालक व कामगार यांच्या तंट्यांविषयीचा कायदा आला. मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत अशी त्यात सोय होती. पण करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षेची तरतूदही त्याच कायद्यात होती. बोरघाट हा या देशातल्या कामगार कायद्यांच्या आरंभाच्या जागांपैकी एक आहे, हे लोणावळ्याच्या शाळांतूनसुद्धा सांगितले जात नाही.

घाट खुला झाला त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. १८६५ मध्ये थळ घाटाचा मार्गही सुरू झाला आणि खानदेश-वऱ्हाडचा कापूस त्या वाटेने उतरू लागला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. आता मुंबईला पाठ मिळाली आणि तोंडही मिळाले. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. ससून गोदी १८७५, प्रिन्सेस गोदी १८८०, व्हिक्टोरिया गोदी १८८८, अलेक्झांड्रा गोदी १९१४. ज्याला आपण नैसर्गिक बंदर म्हणतो ते चाळीस वर्षांत समुद्रात भराव घालून, भिंती बांधून, दगड रचून तयार केलेले आहे. दुसरीकडे पनवेल बसले. चौल, राजापूर, वेंगुर्ला ही बंदरे होडीवाल्यांची राहिली. लमाणांच्या तांड्याचे काम एका पिढीत संपले. आणि १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी देशातल्या अनेक फिरत्या समाजांवर ठपका ठेवला तो ऑगस्ट १९५२ पर्यंत राहिला. मुंबईची गोदी वाढली हा एक इतिहास आणि भटक्या-विमुक्तांचे हाल सुरू झाले हा दुसरा, असे आपण वेगळे शिकवतो. ते एकाच घडामोडीचे दोन भाग आहेत.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. हे लोहमार्ग बंदराकडे जाण्यासाठी होते, गावाने गावाला भेटण्यासाठी नव्हे. मालवाहतुकीचे दरही असे होते की आतल्या एका गावाहून दुसऱ्या गावाला माल नेण्यापेक्षा बंदराला नेणे सोयीचे पडे. १९१६-१८ च्या औद्योगिक आयोगापुढे ही तक्रार आली होती. पाठ बंदराला पोसत होती. पाठीचे स्वतःचे अंग वाढत नव्हते. लोणावळ्याच्या तलावांचीही गोष्ट याच जातीची. टाटांनी वळवण आणि शिरवता इथे पाणी अडवले, ते खोपोलीला सोडले आणि १९१५ पासून त्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे १९२१ मध्ये मुळशीत सत्याग्रह झाला तो याच मालिकेतल्या धरणाविरुद्ध. मावळाने बंदराच्या शहराला माणसे दिली, मग पाणी दिले.

माणसे गेली ती कुठे गेली? माझे आजोबा घाटात रेल्वेच्या गँगमध्ये होते. रूळ ठोकणे, खडी भरणे, पावसाळ्यात दरडीवर पहारा. चुलते गोदीत. यात योगायोग नाही. कापड गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. ते खाते पगाराला सर्वांत चांगले होते. रेल्वेतही असेच. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हे उघड करून सांगितले होते: आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, त्याला साधा पोर्टरदेखील करीत नाहीत, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरचे काम करून घेतो आणि अस्पृश्य माणूस घरात कसा घ्यायचा? बंदराला जोडणाऱ्या त्या जाड रेघेच्या आतसुद्धा जातीच्या बारीक रेघा होत्या. रूळ ठोकायला हात चालत होता. स्टेशनमास्तरच्या घागरीला चालत नव्हता.

गोदीतले काम रोजंदारीचे. बोट लागली तर काम, नाही तर उपास. मजूर घेणारा टोळीवाला. त्याच्या मर्जीवर पाळी. चुलते सांगत की पहाटे फाटकावर माणसे जनावरांच्या बाजारासारखी उभी राहत. हातात लोखंडी आकडी, खांद्यावर पोते, दिवसभर बोटीच्या पोटातून धक्क्यावर आणि धक्क्यावरून गोदामात. हे मोडायला लढे करावे लागले. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला आणि १९५१ मध्ये मुंबईत गोदी कामगार मंडळ स्थापन झाले. मजुरांची नोंदणी झाली, पाळीने काम मिळू लागले आणि हजर राहूनही काम नसेल त्या दिवसाचा हजेरी भत्ता मिळू लागला. ही साधी गोष्ट नाही. ज्याच्या बापजाद्यांनी वेठीने ओझे वाहिले त्या माणसाला, ओझे नसले तरी तू कामगार आहेस, असे कायद्याने सांगितले. आमच्या घरात पहिला मॅट्रिक झालेला मुलगा या हजेरीपुस्तकाच्या जोरावर झाला. माझ्या पिढीतले किती तरी दलित शिक्षक, कारकून आणि कवी गोदीच्या, रेल्वेच्या, नगरपालिकेच्या पगारावर शिकले. दलित साहित्याची अर्थव्यवस्था कोणी लिहिली तर तिच्यात गोदीला एक प्रकरण द्यावे लागेल.

हे टिकले किती? एक पिढी, फार तर दीड. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याने एका बोटीवर ५८ लोखंडी पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. ही कंटेनरची सुरुवात मानतात. कल्पना अगदी साधी आहे. माल बंदरात उतरवायचा नाही, पेटीच उचलायची. कारखान्यात पेटी भरली, सील लावले, की ती परदेशच्या गोदामातच उघडायची. पूर्वी एक बोट रिकामी करायला टोळ्या दिवसचे दिवस राबत; आता क्रेनवाला एक पेटी दोन-तीन मिनिटांत काढतो. बोटी मोठ्या झाल्या, त्यांना खोल पाणी आणि मागे पेट्या रचायला शेकडो एकर मोकळी जागा लागू लागली. मुंबईच्या जुन्या गोद्या दरवाजांच्या आणि अरुंद, तिन्ही बाजूंनी शहराने वेढलेल्या. जेम्स बर्ड या इंग्रज भूगोलज्ञाने ब्रिटिश बंदरांविषयी हेच दाखवले होते की बंदर शहरापासून खोल पाण्याकडे सरकत जाते आणि जुन्या गोद्यांच्या जमिनीवर दुसऱ्यांचे डोळे लागतात.

मुंबईचे बंदर सरकले ते खाडीपलीकडे, न्हावा-शेव्याला. म्हणजे पुन्हा पनवेलच्या बाजूला. १८६३ मध्ये रेल्वेने जी वाट मारली होती ती सव्वाशे वर्षांनी जिवंत झाली, कारण आता घाटातून माल रस्त्याने उतरणार होता. मात्र ती जागा रिकामी नव्हती. तिथे आगरी शेतकरी होते, कोळीवाडे होते, मिठागरे होती. जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले तेव्हा १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबारात पाच जण मारले गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व आले ते या लढ्यातून. ते मोठेच यश आहे. पण भरपाई मिळते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. मिठागरात मजुरी करणारा, खाडीत हाताने मासे धरणारा कातकरी, गावकुसाबाहेरचा भूमिहीन, यांचे नाव कोणत्या उताऱ्यावर असणार? शेवा कोळीवाडा उठवून ज्यांना उरणजवळ वसवले ते कोळी तर खाडीलाच सातबारा मानणारे. त्यांना अपुरी आणि वाळवीने पोखरलेली जागा मिळाली आणि त्यांचे भांडण पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.

न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. १९९४ मध्ये मुंबईचे गोदी कामगार मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले. १९९७ मध्ये, १९४८ चा तो कायदा मोठ्या बंदरांना लागू नसल्याचे ठरवण्याची वाट मोकळी करणारा दुसरा कायदा आला. १९९९ मध्ये न्हावा-शेव्यात देशातले पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल चालू झाले आणि २०२२ मध्ये तिथले सरकारी कंटेनर टर्मिनलही खाजगी कंपन्यांच्या हाती गेले. आता बंदराची सरकारी संस्था जमीनमालक आणि काम करणारे सगळे भाडेकरू. २०२४-२५ मध्ये या बंदराने वीस फुटांच्या मापाने मोजलेले ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. मुंबईच्या गोदीने आपल्या सगळ्या इतिहासात एवढे ओझे पाहिले नसेल. आणि तरीही पहाटे फाटकावर माणसे उभी नाहीत, कारण फाटकावर माणसांची गरजच उरली नाही.

आता ती उभी असतात घाटावर. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. भूगोलज्ञांच्या मांडणीतला शेवटचा राजरस्ता तो हाच. चाकण, पिंपरी, तळेगाव, रांजणगाव इथल्या कारखान्यांचा माल या रस्त्याने उतरतो. तळेगावला कंटेनर डेपो आहे. त्याला कोरडे बंदर म्हणतात, म्हणजे कस्टमची तपासणी इथेच होते, सील इथेच लागते, खाली फक्त बोट. बंदर पाण्यात असते ही व्याख्या आता मी वर्गात बदलून सांगतो. मावळ पृष्ठप्रदेश होता तो आता बंदराचा भाग झाला आहे, पण बंदराचे कामगार कायदे मात्र घाट चढून वर आले नाहीत. माझे किती तरी जुने विद्यार्थी या साखळीत आहेत. कोणी कंत्राटदाराकडे सुरक्षा रक्षक, कोणी गोदामात पेट्या भरायला, कोणी ट्रेलरवर क्लीनर आणि मग चालक. महिन्यातून किती दिवस काम लागेल हे त्यांना माहीत नसते. ट्रेलरवरच्या एका मुलाला मी विचारले, तू काय नेतोस? तो म्हणाला, सर, सील असते. आम्हाला माहीत नसते. खंडाळ्याच्या उतारावर ब्रेक तापून मालगाड्या उलटतात तेव्हाच पेटीत काय होते ते कळते. त्याला कामावर ठेवणारा कंत्राटदार, त्याच्या वर वाहतूक कंपनी, तिच्या वर जहाज कंपनी. बर्कलीच्या वेळची उतरंड आणि ही उतरंड यांची तुलना विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावी. फरक पुष्कळ सापडतील. मजुरी कोणाकडून मागायची हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच अवघड आहे.

आणि बंदर पुन्हा सरकते आहे. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण इथे न्हावा-शेव्याहून खोल बंदर बांधायला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटींच्या वर, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. याच जागेचा प्रस्ताव १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नाकारला होता. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये परवानगी दिली. मच्छीमारांचा विरोध आहे. सोपारा तिथून फार दूर नाही. या प्रकल्पातून प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मिळून सुमारे १० लाख रोजगार निर्माण होतील असे सरकारी निवेदनात म्हटले आहे. तिथल्या जनसुनावण्यांना जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा आकडा फोडून मागावा. प्रत्यक्ष किती आणि अप्रत्यक्ष किती. त्यांतले बंदराच्या हजेरीपुस्तकावर किती आणि कंत्राटदाराच्या वहीत किती. ज्याच्या नावावर जमीन नाही आणि होडी नाही अशा वारली, कातकरी, दलित घरांतल्या माणसांना कोणत्या रकान्यात धरले आहे. आणि बोट नसेल त्या दिवसाचे पैसे कोण देणार.